साडूभाऊंची खालची दाढ

माणसाने ज्या ज्या कामासाठी अवजार शोधून काढले, ते ते काम माझे साडू तोंडाने करतात. हे वाचून कोणाला अतिशयोक्ती वाटेल, पण ती तशी नाही, एवढे सुरुवातीलाच सांगून ठेवतो. नाशिकच्या कडेला, मखमलाबादच्या पुढे त्यांचा टोमॅटोचा मळा आहे. मळ्यातल्या घरात एक पक्कड आहे, पण ती वाऱ्याने आपटणाऱ्या दाराखाली अडकवलेली असते. बाकी सुतळी तोडायची ती दाताने, खताच्या गोणीची शिवण उसवायची ती दाताने, मोटरच्या वायरवरचे प्लास्टिक सोलायचे तेही दाताने. थंड पेयाच्या काचेच्या बाटलीचे झाकण मागच्या दाढेत धरून ते असे उडवतात की पाहणाऱ्याच्या दातातून कळ जावी. एका नात्यातल्या लग्नात बाटल्या उघडायची चावी हरवली, तेव्हा साडूभाऊंनी मांडवाच्या कोपऱ्यात बसून अख्खे क्रेट एकट्याने उघडले. वऱ्हाडी मंडळी वरातीकडे पाठ करून ते बघत उभी राहिली. नवरदेव घोड्यावर बसल्या बसल्या मागे वळून विचारत होता, की काय झाले, कोणाला चक्कर आली का.

टाकीतले पाणी उपसायचे असेल तर साडूभाऊ नळीचे एक टोक टाकीत सोडतात आणि दुसरे तोंडात धरतात. दोन दमात पाणी ओढून बाहेर काढतात आणि नळी जमिनीवर टाकून देतात, मग पाणी आपले आपण वाहू लागते. डिझेलही ते असेच काढत. पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझा चेहरा बघून ते म्हणाले, "घाबरू नका साडूभाऊ, गिळत नाय मी." आणि तोंड पुसत त्यात भेसळ आहे की नाही हेही सांगून टाकले. ठिबकच्या पाण्यातून झाडांना खत सोडले, की ते सरीच्या शेवटच्या झाडापर्यंत पोचले का, हेही ते चवीवरून ठरवत. शेवटच्या झाडाशी उकिडवे बसायचे, नळीतून टपकणारा थेंब बोटावर घ्यायचा, जिभेला लावायचा आणि दूरवर उभ्या असलेल्या मुलाला हात करून सांगायचे, "पोचलं." त्या थेंबात युरिया असतो, हे मी त्यांना एकदा सांगून पाहिले. ते म्हणाले, "असणारच की. त्याच्यासाठीच चाखतोय ना."

पण ज्या कामात त्यांचा हात, म्हणजे तोंड, धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता, ते काम ड्रीपर साफ करण्याचे. ठिबकच्या नळीवर प्रत्येक झाडापाशी एक छोटी टोपी बसवलेली असते, तिच्यातून पाणी थेंब थेंब पडते. तिकडच्या विहिरींच्या पाण्याला क्षार फार, त्यामुळे या टोप्या चोंदतात आणि त्यांच्याखालचे झाड माना टाकते. कोणी त्या सुईने टोकरतात, कोणी लाकडावर आपटतात, कोणी सगळ्या नळ्यांतून अ‍ॅसिड सोडतात. साडूभाऊ टोपी उपटून ओठांत धरत, गाल आत जातील इतका जोर लावून ओढत, खड्याचा कण जिभेवर आला की बाजूला थुंकत आणि टोपी परत बसवून पुढच्या झाडाकडे सरकत. शेंगा खाव्यात तशा लयीत ते एक सरी संपवत. वर अभिमानाने सांगत, "आपल्या मळ्याला अ‍ॅसिडचा थेंब लागलेला नाय. जमीन जळते त्यानं. ही मशीन हाय ना." आणि ओठांवर बोट ठेवत. तंबाखू नाही, विडी नाही, सुपारीसुद्धा नाही, त्यामुळे आपल्या तोंडात बिघाड होऊच शकत नाही, असा त्यांचा पक्का समज होता.

दुसरा समज असा की दुखणे ही गोष्ट मुळात नसतेच. 'दुखते' हा शब्द त्यांच्या घरात कोणी उच्चारत नसे. एकदा त्यांना विंचू चावला, तेव्हा पाय धरून बसले आणि म्हणाले, "मुंग्या आल्यात." मुलगा लहानपणी आंब्यावरून पडला, तर त्याला विचारले, "हात हलतोय ना? मग हाय जाग्यावर." तो हात पुढे प्लास्टरमध्ये गेला ही गोष्ट वेगळी. आक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, साडूभाऊंची पत्नी. तिच्या पायावर भरलेला हंडा पडला होता, तेव्हा आतल्या खोलीतून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हंडा चेपला का, असा. यात दुष्टपणा नव्हता. पायाला काही झाले असेल हे त्यांच्या मनातच आले नाही. "दुखतंय म्हणलं की दुखतं," ते समजावून सांगत. "म्हणूच नाय." ज्याला एवढे साधे तत्त्व कळत नाही, त्याची त्यांना कीव येई, आणि त्यात माझा नंबर पहिला होता, कारण मी डोकेदुखीची गोळी खिशात बाळगतो.

टोमॅटोच्या झाडांना उभे करण्यासाठी बांबू रोवून तार ताणतात. ही तार साडूभाऊ दोन्ही हातांनी ओढत आणि टोक खालच्या उजव्या दाढेत दाबून पीळ देत. यंदा पीळ देताना तार सुटली नाही, दाढ सुटली. मधोमध चिरली. आक्का म्हणाली की आवाज तिला गोठ्यापर्यंत आला. साडूभाऊंनी तार सोडली नाही, पीळ पुरा केला आणि त्याच चिरलेल्या दाढेने पुढचे काही महिने काम रेटले. मग एके दिवशी आक्काचा फोन आला. "दाजी, यांचा गाल बघाया या. लिंबाएवढा झालाय. म्हणत्यात मधमाशी चावली." मी गेलो तर उपरण्याने अर्धे तोंड बांधून ते खाटेवर बसले होते. मी विचारले मधमाशी कुठे चावली. ते म्हणाले, "आतून."

दातांच्या ज्या दवाखान्यात मी त्यांना नेले, तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी औषधे देऊन सूज उतरवली आणि मग दाढ काढायचा दिवस दिला. त्या दिवशी साडूभाऊ खुर्चीत आडवे झाले ते एखाद्या पंगतीला बसल्यासारखे निवांत. सुई टोचली तरी पापणी लवली नाही. दाढ सरळ निघाली नाही, तुकड्या तुकड्यांनी काढावी लागली. मी दारापाशी उभा होतो. माझ्याच्याने बघवेना म्हणून मी भिंतीवरचे दातांचे चित्र वाचू लागलो. साडूभाऊंचे लक्ष मात्र दुसरीकडेच होते. तोंडातली लाळ ओढून घेणारी बारीक नळी असते ना, ती सुरू झाली तसे त्यांचे डोळे तिच्यावर खिळले. काम संपल्यावर तोंडात कापसाचा बोळा असतानाही त्यांनी बोटाने ती नळी दाखवली, मग स्वतःकडे बोट केले आणि मान हलवली. बरोबरीचा गडी भेटला, असा त्याचा अर्थ होता.

मग बाईंनी सूचना दिल्या. त्या माझ्यासमोर दिल्या, आक्कासमोर दिल्या आणि अगदी सावकाश दिल्या. दाढेच्या जागी खड्डा झाला आहे, त्यात रक्ताची गुठळी धरेल, ती गुठळी म्हणजे खड्ड्याचे झाकण. ती सुटली तर खालचे हाड उघडे पडेल आणि मग काही खरे नाही. म्हणून थुंकायचे नाही, जोरात चूळ भरायची नाही, ओढून काही प्यायचे नाही. "सरबत, ज्यूस प्यालात तर पेल्यानं प्या. स्ट्रॉ अजिबात लावायचा नाही," बाई म्हणाल्या. साडूभाऊंनी प्रत्येक वाक्याला मान डोलावली. परत येताना आम्ही नाशिकच्या द्वारका चौकात नेहमीप्रमाणे अडकलो. एक रिक्षा समोर आडवी घुसली, तसा साडूभाऊंनी काच खाली करून हात बाहेर काढला, पण तोंडात बोळा. त्या रिक्षावाल्याला जे काही सांगायचे ते त्यांना फक्त भुवयांनी सांगावे लागले. रिक्षावाल्याला ते पुरेसे कळले असावे, कारण त्याने हात जोडले. आक्का मागच्या सीटवर पदर तोंडाला लावून हसत होती. मलाही वाटले, दाढ गेली, प्रश्न मिटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विचारपूस करायला मळ्यात गेलो. आक्का चुलीपाशी होती. ती म्हणाली की ते पडले आहेत. पण खाट रिकामी होती. मी टोमॅटोच्या सऱ्यांकडे गेलो आणि जे पाहिले त्याने जागच्या जागी थबकलो. साडूभाऊ तिसऱ्या सरीत उकिडवे बसले होते. ओठांत ड्रीपर होता. गाल आत गेले होते. त्यांनी ओढले, बाजूला थुंकले, टोपी बसवली आणि पुढे सरकले. थुंकी लाल होती. तोंडातून रक्त येणारा माणूस मी पूर्वी पाहिला नव्हता असे नाही, पण रक्त थुंकून पुढच्या झाडाकडे सरकणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"बाईंनी काय सांगितलं होतं?" मी विचारले.

"काय सांगितलं?"

"ओढायचं नाही म्हणून."

"स्ट्रॉनं ओढायचं नाय, आसं म्हणल्या त्या." त्यांनी हातातली टोपी माझ्यासमोर धरली. "हा स्ट्रॉ हाय का? उभ्या जन्मात मी स्ट्रॉनं काय प्यालो नाय, साडूभाऊ. तुमी शहरातली मानसं पिता."

"आणि थुंकायचं नाही म्हणाल्या होत्या."

"थुंकलो कुठं? खडा काढला."

मागून आक्का आली होती. तिने लाल मातीकडे पाहिले आणि त्यांच्या हातातली टोपी घेतली. ते म्हणाले, "अगं, झाडं वाळतील." ती म्हणाली, "वाळू द्या." त्या घरात असे वाक्य यापूर्वी कोणी बोलले नसावे, कारण साडूभाऊ खरोखरच उठले.

पण झाकण निघून गेले होते. दाढ काढल्यावर दुखणे दिवसागणिक उतरायला हवे, यांचे चढत गेले. अर्थात दुखते असे ते म्हणाले नाहीत. ते म्हणाले, कानात काहीतरी गेले आहे. उघड्या पडलेल्या हाडाची कळ कानात जाते, हे मला नंतर कळले, त्यांना तर तेव्हाही पटले नाही. आधी त्यांनी कानात कोमट तेल सोडले. मग फोन डाव्या कानाला लावायला सुरुवात केली, कारण उजवा कान मोबाइलने खराब केला होता. मग मळ्यावरून जाणाऱ्या विजेच्या तारांवर संशय घेतला. शेवटी ते बाजारात जाऊन कान साफ करून आले आणि साफ करणाऱ्याशी भांडूनही आले, की एवढे पैसे घेऊन आतला किडा तसाच ठेवला. आक्काने मला फोन केला तेव्हा मात्र तिच्या आवाजात हसू नव्हते. "दाजी, हे बोलत नाहीत," ती म्हणाली. "सकाळपासून भिंतीला डोकं लावून बसलेत. काय झालं विचारलं तर हाताने जा म्हणत्यात. आन् तोंडाला वास येतोय." तेवढ्या चार वाक्यांनी मी गाडीची किल्ली उचलली.

डॉक्टरीणबाईंनी दिवा जवळ ओढून आत पाहिले. मग मला आणि आक्काला जवळ बोलावून आरशात दाखवले. दाढेच्या जागी गुठळी नव्हतीच. तळाशी पांढरट हाड दिसत होते. "खड्डा कोरडा पडलाय," बाई म्हणाल्या. वैद्यकातली इतर कोणतीही गोष्ट साडूभाऊंना इतक्या चटकन समजली नसती. त्यांनी खाली मान घातली आणि म्हणाले, "म्हंजी खनलं, पर पानी लागलं नाय." बाईंनी खड्डा धुतला आणि लवंगेच्या तेलाच्या औषधात भिजवलेली पट्टी आत बसवली. थोड्या वेळात साडूभाऊंचे खांदे खाली आले. इतके दिवस ते खांदे वर ओढलेले होते, हे ते खाली आल्यावर लक्षात आले. "कानातला किडा मेला," एवढेच ते म्हणाले. दुखत होते, हे त्यांनी तेव्हाही मान्य केले नाही.

इथे ही हकिकत संपायला हवी होती. पट्टी ठराविक दिवसांनी बदलायची, एवढेच काम उरले होते. पण लवंगेने नवा घोळ केला. साडूभाऊंना भाकरी लवंगेची लागू लागली, चहा लवंगेचा, विहिरीचे पाणी लवंगेचे. घरात ते चालून गेले असते. पण टोमॅटोला खत सोडायची वेळ आली आणि शेवटच्या झाडाचा थेंब चाखला तर तोही लवंगेचा. खत पोचले की नाही ते कळेना. त्यांनी चार वेळा चाखले, चारही वेळा लवंग. मग हा माणूस बांधावर गेला, बाभळीचा एक लांब काटा तोडला, आणि मोटरसायकलच्या आरशात बघून खड्ड्यातली पट्टी काट्याने उचकून बाहेर काढली. मग परत सरीत जाऊन थेंब चाखला आणि मुलाला हात केला, "पोचलं." हे मला मुलाने सांगितले. तो अंबडच्या एमआयडीसीत एका कंपनीत कामाला आहे, त्या दिवशी सुटीवर होता. सांगताना त्याचा चेहरा पांढरा पडला होता आणि ऐकताना माझाही पडला असणार.

चार-पाच दिवसांत ताप भरला. गाल पुन्हा सुजला, या वेळी सूज मानेपर्यंत उतरली, तोंड दोन बोटेही उघडेना. बाईंनी एक्स-रे काढला, रक्त तपासायला पाठवले. जखम भरत का नाही याचे आणखी एक कारण त्या तपासणीत सापडले. साडूभाऊंच्या रक्तात साखर होती, आणि थोडीथोडकी नव्हे. ती किती वर्षे होती कोणास ठाऊक, कारण त्यांनी जन्मात कधी रक्त तपासले नव्हते. दुसऱ्या दिवशी साखर पुन्हा बघायला नर्सने बोट टोचले, तेव्हा त्यांनी ते बोट तोंडात घातले, चाखले आणि तिला सांगितले, "नाय लागत गोड." त्या मुलीच्या हातातली साखर मोजायची पट्टी खाली पडली.

बाईंनी त्या दिवशी हातचे काही राखले नाही. "काका, हाडाला लागण होऊ पाहतेय," त्या म्हणाल्या. "साखर आटोक्यात आली नाही आणि तोंडाला विश्रांती मिळाली नाही, तर जबड्याचं ऑपरेशन करावं लागेल. खराब झालेलं हाड कापून काढतात. मग तोंड असं राहणार नाही." साडूभाऊ ऐकत होते. त्यांचा हात नकळत हनुवटीकडे गेला आणि त्यांनी उजव्या बाजूचा जबडा तळहातात धरला, बाजारात नाजूक माल उचलावा तसा. मग त्यांनी आक्काकडे पाहिले आणि अगदी हळू आवाजात, आयुष्यात पहिल्यांदाच, ते वाक्य म्हटले. "दुखतंय गं."

आक्का उभी होती ती स्टुलावर बसली. मला विंचू, हात, हंडा सगळे माहीत होते, तरी त्या दोन शब्दांनी मी जितका हादरलो तितका एक्स-रेने हादरलो नव्हतो.

त्यांना मळ्यात ठेवणे धोक्याचे होते, म्हणून आम्ही दोघांनाही आमच्या फ्लॅटवर आणले. तिथे तोंडात धरण्यासारखे काही सापडू नये याची माझ्या बायकोने काळजी घेतली. पेनांची टोपणेसुद्धा उचलून ठेवली. पण आमचे पाण्याचे फिल्टर त्या दिवसांत फार हळू चालत होते. साडूभाऊ त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसू लागले आणि त्या बारीक नळीकडे अशा नजरेने पाहू लागले, की बायकोने एका सकाळी त्यांना स्पष्टच विचारले, "दाजी, काय विचार आहे?" ते म्हणाले, "काय नाय. चोंदलंय बिचारं." त्याच दुपारी तिने माणूस बोलावून फिल्टर बदलून घेतले. मळ्यात काय चालले आहे याची त्यांना काळजी होती, म्हणून मुलगा संध्याकाळी फोन करी. एका फोनमध्ये तो म्हणाला की त्याने सगळ्या नळ्यांतून अ‍ॅसिड सोडले, ड्रीपर मोकळे झाले. साडूभाऊंनी फोन कानावर आणखी दाबला. मग विचारले, "सगळे?" तो म्हणाला, "सगळे. दुपारपर्यंत झालं." फोन ठेवल्यावर ते बराच वेळ बाल्कनीतून खाली रस्त्याकडे बघत उभे होते. त्यांना चहा नेऊन दिला तर त्यांनी तो प्यायला, पेल्याला ओठ लावून, ओढल्याचा आवाज न करता.

आमच्याकडे जेवायला सगळे एका टेबलावर बसतात. हे साडूभाऊंना नवे होते. मळ्यात ते बांधावर, उभ्याने, काम चालू असतानाच जेवत, आणि आक्का मागचे आवरून एकटी जेवे. इतक्या वर्षांच्या संसारात समोरासमोर बसून दोघांनी पानातले अन्न संपेपर्यंत एकमेकांकडे पाहिले असेल, असे मला वाटत नाही. आता रोज दोन वेळा ते व्हायचे. साडूभाऊ डाव्या बाजूने, सावकाश, पातळ भात चावत, गोड वर्ज्य, तिखट वर्ज्य, आणि समोर आक्का. बघायला दुसरे काही नसल्यामुळे ते तिच्या ताटाकडे बघत राहायचे. ते काय बघत आहेत, हे मला तेव्हा समजले नाही.

गोळ्या, इंजेक्शने, खड्डा धुणे असे किती तरी दिवस चालले. एका फेरीत बाईंनी चिमट्याने हाडाची एक कपची बाहेर काढली, तांदळाच्या दाण्याएवढी. "ही बाहेर आली ते बरं झालं," त्या म्हणाल्या, "आता मांस धरेल." आणि खरोखरच धरले. साखर उतरत गेली, खड्डा तळापासून गुलाबी होत वर आला. पुढच्या एक्स-रेत बाईंना हाडाचे भय दिसले नाही. ज्या दिवशी त्यांनी हातमोजे काढून "भरलं, काका, ऑपरेशन टळलं," असे सांगितले, त्या दिवशी मी मनात म्हटले, आता हा माणूस विचारणार, ड्रीपर तोंडात धरू का. मी उत्तरही तयार ठेवले होते.

साडूभाऊ खुर्चीतून उतरले, उपरणे खांद्यावर घेतले आणि म्हणाले, "बाई, आता हिला घ्या."

आक्का दचकली. "मला? मला काय झालंय?"

"उजव्या बाजूनं जेवत नाय ती," ते बाईंना सांगू लागले, आक्काकडे न बघता. "भाकरीचा वरचा पापुद्रा काढून ठेवते. आमटीत चिंबवल्याबिगर घास घेत नाय. गार पानी पिताना मान वाकडी करते. मीबी तसंच करत व्हतो ना, म्हनून दिसलं."

"काहीतरीच यांचं," आक्का म्हणाली, पण ती माझ्याकडे बघून म्हणाली, त्यांच्याकडे बघून नाही.

बाईंनी तिला खुर्चीत बसवले, दिवा तोंडावर घेतला. उजवीकडच्या दोन दाढा आतून पोखरल्या होत्या, एक तर मुळापर्यंत. माझी बायको तिची सख्खी बहीण. तिलाही यातले काही माहीत नव्हते, हे मला घरी गेल्यावर कळले.

"मावशी, हे खूप दुखत असणार. कधीपासून आहे?" बाईंनी विचारले.

"झाली दोन-तीन वर्षं."

"मग बोलला का नाहीत?"

आक्काने पदर सारखा केला. "आमच्यात दुखत नाय कुणाला," ती म्हणाली. तिच्या स्वरात टोमणा नव्हता. शेजारणीला घरातली रीत सांगावी तशी ती बोलली.

 बाईंनी ट्रेमधली सुई उचलली आणि एक दाढ आजच काढू म्हणाल्या. आक्काने खुर्चीचे हात घट्ट धरले आणि विचारले, "दुखंल का?" मुंगी चावल्यासारखे होईल, असे काहीतरी सांगायला बाईंनी तोंड उघडले होते, पण त्याआधी दारापासून आवाज आला.

"दुखंल," साडूभाऊ म्हणाले. "लय दुखंल. दुखलं की वरड."

मी त्यांना बाहेर बाकावर बसायला सांगितले. ते गेले नाहीत. सुई आत गेली तेव्हा आक्का कण्हली, फार मोठ्याने नाही, पण स्पष्ट. एवढ्या वर्षांच्या येण्याजाण्यात मी तिचे कण्हणे पहिल्यांदा ऐकत होतो. साडूभाऊही बहुधा पहिल्यांदाच ऐकत असावेत. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, आणि तो आवाज थांबेपर्यंत जागचे हलले नाहीत.